पंख्याचा रेग्युलेटर, मधला पिकअप आणि तीन पेडल्स

१ जून २०२५

आठ महिने वाजवतोय आणि आठ महिने कुरकुरतोय. पुरे झालं. आजपासून वही.

वाद्य: फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटच्या घाटाची सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारी वेटोळी), अकरा हजारांत मिळालेली. सोबत दहा वॅटचा छोटा ॲम्प. जागा: कोथरूड, तिसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. वेळ: रात्री साडेनऊ ते साडेदहा, कारण त्याआधी टीव्ही, कुकर आणि लेकीचा अभ्यास. खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदाच, तेही जिन्यात, हसत विचारलं होतं, “काय हो, ते घूं वाजतं ते तुमच्याकडेच का?” गाण्याबद्दल चकार शब्द नाही. घूंबद्दल विचारलं. ते जास्त लागलं.

बाकीच्या तक्रारी: नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर (धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तार खडखडते. गिटारचा व्हॉल्यूम जरा कमी केला की आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं. एफ कॉर्ड धरताना बोट मोडायला येतं. हातात पंधरा हजार आहेत आणि मोबाइलवर पेडल्सची (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या पेट्यांची) अकरा पानं उघडी आहेत. मित्र म्हणतो, “नॉइज गेट घे, सुटशील.” (वाजवत नसताना आवाज बंद करणारं पेडल.) मी ठरवलंय की आधी गिटार, मग पेडल. किती दिवस टिकतो बघू.

८ जून

नेक तपासायला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) हवं. गिटारवाल्यांचं वेगळं मिळतं, पण आमच्या स्कूटरच्या मेकॅनिककडे टॅपेट सेट करायचं असतंच की. त्याने हात पुसून दिलं आणि विचारलं, “गिटारला पण टॅपेट असतात का?” म्हटलं, साधारण तसंच.

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट उजव्या हाताने दाबलेला, आणि आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तार किती उंच राहते ते बघायचं. पाव मिलिमीटर हवं. इथे ०.०५ ची पातसुद्धा सरकेना. म्हणजे नेक जवळजवळ फुटपट्टीसारखी सरळ. कंपन पावणाऱ्या तारेला पोटाशी थोडी जागा लागते. ती नसली की खालच्या फ्रेट्सवर खडखड होणारच. आधीच्या मालकाने ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) आवळून ठेवला होता. पाव आटा सैल केला, चहा घेतला, परत मोजलं: ०.२०. तेवढ्यावर थांबलो. रॉडशी घाई करायची नाही, लाकडाला रात्रभर वेळ द्यायचा.

बाराव्या फ्रेटवर तारांची उंची जाड बाजूला २ मिमी, बारीक बाजूला १.६. मग सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागेपुढे करून सूर जुळवले: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर एक यायला हवा, दाबलेला चढा आला तर सॅडल मागे. तासभर गेला. खडखड ऐंशी टक्के गेली. खर्च शून्य.

तारा काढल्यावर फ्रेटबोर्ड नीट बघायला मिळाला. माहितीपत्रकात ‘इंडियन लॉरेल’ लिहिलंय. मला वाटायचं काहीतरी परदेशी लाकूड. शोधलं तर निघाला आपला ऐन! २०१७ मध्ये शिसवाच्या झाडून सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांची बंधनं आली, तेव्हा कंपन्या फ्रेटबोर्डसाठी दुसरी लाकडं शोधू लागल्या. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, पण स्वस्त गिटारींवर लॉरेल टिकून राहिलं. आजोळी गोठ्याचे खांब ऐनाचे होते. म्हशी अंग घासायच्या त्यावर. आईने मायेने खोबरेल आणून दिलं, पण ते खवट होतं. लेमन ऑइलचे चार थेंब पुरले.

९ जून

सकाळी ०.२५. बास.

१४ जून

आज घूंचा माग. ॲम्प चालू, गिटार मांडीवर, आणि घरातली एकेक वस्तू बंद. घरच्यांनी हा प्रयोग फारशा कौतुकाने घेतला नाही.

लक्षात आलं की आवाज एक नाही, दोन आहेत. एक जाडसर, घुमणारा. तो विजेच्या ५० हर्ट्झचा. दुसरा वरचा, करकरीत, झर्रर्र असा. फ्रिज बंद केला, काही नाही. राउटर बंद केला, काही नाही (लेकीचा आरडाओरडा तेवढा वाढला). पंखा बंद केला आणि झर्रर्र जागच्या जागी मेला.

पंखा नव्हे, त्याचा रेग्युलेटर. आमचा जुना, गोल फिरणारा. त्यातला ट्रायॅक विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा मध्येच कापतो आणि प्रत्येक काप हा एक छोटा रेडिओ स्टेशनच असतो. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची तार, ती हे सगळं भक्तिभावाने पकडते. पंखा पूर्ण वेगात असेल तर झर्रर्र जवळजवळ नाही, दोनवर ठेवला तर सर्वात वाईट. खटक्या-खटक्याने फिरणारे नवे रेग्युलेटर कपॅसिटरवर चालतात, ते लाट कापत नाहीत. इलेक्ट्रिशियनने संध्याकाळी बसवून दिला. मजुरीसकट साडेचारशे. त्यालाच ॲम्पच्या सॉकेटचं अर्थिंगही तपासायला लावलं. ते ठीक आहे. (घूं घालवायला अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत. तारांना हात लावून बसणाऱ्याने असलं धाडस करू नये.)

उरला जाडा घूं. तारांना हात लावला की कमी होतो, म्हणजे ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे. खुर्ची फिरवत गेलो तर देवघराकडे तोंड केल्यावर तो जवळजवळ शांत होतो. रोज देवाकडे तोंड करून वाजवायला हरकत नाही, पण हा काही उपाय नव्हे.

२१ जून

पालख्या मुक्कामी. पेठांत जायचा प्रश्नच नाही. घूं अडवायला गिटारच्या आत लावायची तांब्याची पट्टी पुढच्या शनिवारी.

२८ जून

तपकीर गल्ली. तांब्याची चिकटपट्टी, सोल्डर, एक १५० किलोओहमचा रेझिस्टर, एक ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर. शेवटचं सांगितल्यावर दुकानदाराने न बघता मागच्या डबीत हात घातला, “सहाशे एक्याऐंशी ना?” म्हणाला. मी नाही म्हणणार होतो. मग कपॅसिटरवरचा छाप बघितला: ६८१. म्हणजे ६८ आणि पुढे एक शून्य. गल्लीत आकडे बोलायची भाषाच ती.

दुपारी पिकगार्ड (गिटारवरचं प्लास्टिकचं झाकण) उघडून आतला खड्डा तांब्याने मढवला. पट्टीचा गोंदही वीज वाहणारा आहे का ते आधी बघून घ्यायचं; नसेल तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका. मल्टिमीटरची बीप कोपऱ्या-कोपऱ्यातून ऐकली. पिकगार्डच्या पाठीलाही पट्टी, आणि सगळं मिळून ग्राउंडला. पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या फिरत्या रोधाच्या) पाठीवर सोल्डर धरेना. पंचवीस वॅटच्या आयर्नला तेवढा पत्रा तापतच नाही. पॉलिशपेपरने पाठ घासली आणि शेजारच्या सोसायटीतून साठ वॅटचं आयर्न उसनं आणलं, तेव्हा कुठे चकचकीत थेंब पसरला.

सगळं बंद करून वाजवलं. घूं नाही. झर्रर्र नाही. गिटारही नाही! पिकअप निवडायच्या स्विचच्या पाचही पोझिशन्स मुक्या. अर्धा तास घाम. शेवटी पिकगार्ड परत उघडून नुसतंच वर धरलं तर वाजायला लागली. स्विचचं एक टोक खड्ड्याच्या भिंतीला टेकत होतं, आणि भिंत आता लाकडाची नाही, ग्राउंडची आहे. तिथे इन्सुलेशन टेपचे दोन थर दिले. वाजली.

घूं निम्म्याने कमी. शिल्डिंग विजेच्या क्षेत्राला अडवतं, चुंबकीय क्षेत्र त्यातून आरपार येतं, त्यामुळे पूर्ण जाणार नव्हताच.

५ जुलै

गोधडी. गिटारचा व्हॉल्यूम पॉट २५० किलोओहमचा, आणि ॲम्पपर्यंत सहा मीटरची केबल. केबल स्वतःच एक कपॅसिटर असते, मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड. पॉट खाली केला की त्याचा रोध आणि केबल मिळून वरचे सूर गिळतात. उपाय म्हणजे वरच्या सुरांना पॉटच्या बाजूने चोरवाट: तो ६८१ आणि १५० किलोओहम समांतर जोडून पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकांमध्ये. दहा मिनिटांचं काम, पाच रुपयांचा माल. आता व्हॉल्यूम सहावर आणला तरी आवाज तोच, फक्त लांब गेलेला. आठ महिने मी ह्याच्यासाठी इक्वलायझर पेडल शोधत होतो.

१३ जुलै

दोन दिवस मामाकडे मिरजेत. गिटार घेऊन गेलो होतो, कारण सतारमेकर गल्लीत मामाच्या ओळखीचे एक चाचा आहेत. तंबोऱ्याच्या जवारीत त्यांचा हात बसलेला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं काही विशेष त्यांना वाटत नाही. “आमचे भोपळे तेच, गिऱ्हाईक तेच,” म्हणाले.

गिटारकडे त्यांनी आधी बराच वेळ नुसतं पाहिलं. मग तिसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) तार दाबून पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते नखाने चाचपलं. केसभर हवी, इथे कार्ड जाईल एवढी. एफ कॉर्डला बोट मोडायचं कारण बोट नव्हतं तर! नटच्या (डोक्याकडे तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ होत्या. त्यांनी सुईसारखी कानस काढली, दोनदा ओढली, फुंकर मारली, तार बसवली, ऐकलं, परत काढली. प्रत्येक तारेला पाच-सहा वेळा. कानस डोक्याकडे किंचित उतरती धरलेली. मी विचारलं, सपाट का नाही? ते म्हणाले, “आमच्यात तार घोडीवर लोळली पाहिजे. तुमच्यात सुटली पाहिजे.”

तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलाईची असते, तार तिच्यावर घासत कंप पावते, खाली दोरा सरकवून ती घसट सुरात आणतात, म्हणून तो झंकार. गिटारची तार मात्र नटच्या पुढच्या कडेवर एकाच बिंदूत सुटायला हवी. जरा लोळली की तीच जवारी इथे खडखड ठरते. पाचव्या तारेची खाच त्यांनी मुद्दाम थोडी वर ठेवली. “ही वाजता वाजता अजून बसंल. नंतर घासता येतंय, भरता येत नाही.” पैसे घेतले नाहीत, चहा मात्र माझ्याकडून घेतला.

२० जुलै

ह्या प्रकल्पातला सर्वात मजेचा दिवस.

पाच पोझिशन्सपैकी दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनमध्ये दोन पिकअप एकत्र वाजतात. १९५४ च्या मूळ स्ट्रॅटला तीनच खटके होते. वादक स्विच दोन खटक्यांच्या मध्ये अडकवून तो आवाज काढायचे, आणि फेंडरने पाच खटक्यांचा स्विच १९७७ मध्ये दिला. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा असेल तर ह्या दोन जागी घूं कटतो. १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन कॉइल्सचा हमबकर केला तो ह्याच युक्तीवर. माझ्या गिटारमध्ये घूं तिथेही तेवढाच. लेकीच्या किचेनमधलं होकायंत्र तिन्ही पिकअपवर धरलं: सुई तिन्हींकडे सारखीच वळते. म्हणजे तिन्ही एकाच जातीचे.

नवा पिकअप घेता आला असता. पण सिरॅमिक पिकअपच्या पोटाला चुंबकाची एक काळी चपटी कांडी चिकटवलेली असते, तारांखालचे खिळे नुसते लोखंडाचे. कांडी उलटी केली की झालं. हिशेब असा: चुंबक उलटा केला की तारेचा आवाज उलटा होतो, घूं तसाच राहतो, कारण घूंला चुंबकाशी देणंघेणं नाही. पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की आवाज आणि घूं दोन्ही उलटे. दोन्ही केलं तर आवाज दोनदा उलटून सरळ, घूं एकदाच उलटा. शेजारच्या पिकअपच्या घूंशी तो भिडतो आणि दोघंही संपतात.

केस वाळवायच्या ड्रायरने मेण-गोंद मऊ केला, ब्लेडचं पातं हळूहळू खाली सरकवलं. इथे श्वास रोखला. कॉइलची तार ०.०६ मिमीची, केसाएवढीच. पातं घसरलं तर पिकअप गेला. कांडी ‘टक्’ करून सुटली, उलटी केली, ती स्वतःच खिळ्यांना जाऊन चिकटली. मीटरवर रोध आधीइतकाच, तार शाबूत.

मुद्दाम आधी फक्त चुंबक उलटा करून वाजवलं. चौथी पोझिशन: पातळ, नाकातला, सर्दी झाल्यासारखा आवाज. दोन पिकअप एकमेकांच्या विरुद्ध ओढतायत. मग वायरी बदलल्या. आवाज भरला. हात तारांवरून उचलला आणि थांबलो. ॲम्प चालू आहे की नाही हे बघायला मला उठावं लागलं.

२७ जुलै

आता पेडल्स. पंधरा हजारांतले अजून साडेतेरा शिल्लक आहेत, हीच मोठी बातमी.

नॉइज गेट यादीतून कटला. इक्वलायझर कटला.

३ ऑगस्ट

साडेनऊनंतर हेडफोन हवेच. पण ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारं) पेडल सरळ मिक्सरमध्ये घालून हेडफोनवर ऐकलं की मधमाश्यांचं पोळं. दोष पेडलचा नाही. गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही देतच नाही. डिस्टॉर्शनमधले टोचरे वरचे सूर तो झाकतो. हेडफोन प्रामाणिक, तो सगळं ऐकवतो. म्हणून मध्ये स्पीकरचं सोंग घेणारं काहीतरी लागतं, कॅबिनेट सिम्युलेशन. लॅपटॉपवर फुकट मिळतं, पण रात्री साडेनऊला लॅपटॉप उघडला की ऑफिसचा मेल दिसतो. सेकंडहँड छोटी पेटी घेतली, हेडफोनचं भोक असलेली, साडेचार हजार. प्रकल्पातला सर्वात मोठा खर्च आणि तिला वाजवायला एक बटणसुद्धा नाही.

१० ऑगस्ट

गाढवपणाची नोंद. मित्राने तीन पेडल्स आठवड्यापुरती दिली आहेत. पॉवर सप्लाय आणायचा होता, धीर धरवला नाही, ड्रॉवरमधला जुन्या राउटरचा ॲडॉप्टर लावला. पिन बरोब्बर बसली. पेडलचा दिवा लागला नाही आणि बारीक वास आला.

गिटार पेडल्सना बहुतेक ९ व्होल्ट आणि मधली पिन ऋण लागते. राउटरचा १२ व्होल्टचा, मधली पिन धन. उघडलं. नशिबाने आत शिरतानाच एक आडवा डायोड होता, उलटी वीज आली की स्वतः जळून मागच्यांना वाचवणारा. मीटरवर दोन्ही बाजूंनी बीप देत होता, म्हणजे हुतात्मा. तपकीर गल्लीत दोन रुपयांना १एन४००१ डायोड मिळाला, बसवला, दिवा लागला. मित्राला सांगितलं. तो म्हणाला, ठेव तुझ्याकडेच. एवढं चांगलं बोलला त्यावरून त्याला ते पेडल फारसं आवडत नसावं.

जिन्यात खालचे काका भेटले. “गिटार विकलीत का?”

१७ ऑगस्ट

तिन्ही पेडल्स ऐकून झाली. एक ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह (मी जाळलेलं), एक बॉसचं नारिंगी डीएस-१, जे १९७८ पासून जवळपास त्याच रूपात येतंय, आणि एक फझ (आवाज पार फाडून टाकणारं).

एकट्याने वाजवलं तर डीएस-१ सरळ जिंकतं. भरदार, खालीही दम, वरही धार. स्क्रीमर त्याच्यापुढे मध्येच फुगलेलं आणि पोकळ वाटतं. त्याचं सर्किट सातशे-साडेसातशे हर्ट्झच्या खालचं कापूनच पुढे जातं. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. म्हणजे रात्रीच्या आवाजात स्क्रीमर अजूनच बारकं. मी ते परत द्यायच्या बेतात होतो.

मग बॅकिंग ट्रॅक लावला. ड्रम आणि बेस सुरू झाले आणि निकाल फिरला. डीएस-१ चा सगळा दम बेसच्या पोटात गडप, वरची धार झांजांत गडप. आपण काय वाजवतोय तेच कळेना. स्क्रीमर मात्र बेसला जागा देऊन मधोमध उभं. मी सरावाचा तीन चतुर्थांश वेळ ट्रॅकवरच वाजवतो, तर पेडल एकटं ऐकून का निवडत होतो? बटणं घड्याळाच्या काट्यासारखी: गेन (आवाज किती फाटायचा) नऊ वाजता, लेव्हल दोन वाजता, टोन मधोमध. बाकीची धार बोटांतून.

फझ मजेचं आहे, पण त्याला गिटारच्या लगेच पुढे बसायचं असतं, मध्ये बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) चालत नाही, आणि माझ्या ट्यूनरमध्ये बफर आहे. एका आवाजासाठी एवढे रुसवेफुगवे ह्या घरात परवडणार नाहीत. परत.

२४ ऑगस्ट

डिले, म्हणजे वाजवलेला सूर जरा वेळाने परत ऐकवणारं पेडल. स्वस्त डिले पेडल्समध्ये बहुतेकदा पीटी२३९९ नावाची चिप असते, मुळात कॅरिओकेच्या इकोसाठी केलेली. तपकीर गल्लीत तीच चिप लावलेले तयार इको बोर्ड टांगलेले दिसतात. भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरमधला तो ‘विठ्ठल-ठ्ठल-ठ्ठल’ त्याच चिपचा. साडेतीनशे मिलिसेकंदांपर्यंत ती बऱ्यापैकी साफ बोलते, पुढे घोगरी होत जाते. हा घोगरेपणा मला आवडतो, मागचे पडसाद अंधारात गेल्यासारखे वाटतात आणि पुढच्या सुराच्या पायात येत नाहीत. सेकंडहँड दोन हजार दोनशे.

सोपा हिशेब वहीत लिहून ठेवतो, रोज विसरतो: ४५ हजार भागिले ट्रॅकचा वेग (मिनिटाला किती ठोके) म्हणजे दीडपट आठव्या मात्रेचा, पाऊण ठोक्याएवढा, डिले मिलिसेकंदांत. १३० च्या वेगाला ३४६. चिपच्या सीमेवर बरोबर बसतं.

नदीपात्रातून ढोल-ताशाच्या सरावाचा आवाज येतोय. गणपती बुधवारी. आता पंधरा दिवस मी शंभर वॅटचा ॲम्प लावला तरी कोणाला कळणार नाही. तसाही तो दहा वॅटच्या साधारण दुप्पटच मोठा वाटतो, दहापट नव्हे.

३१ ऑगस्ट

सध्याची मांडणी: गिटार, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिले, स्पीकरच्या सोंगाची पेटी, हेडफोन. ओव्हरड्राइव्ह आणि ट्यूनर एका ॲडॉप्टरवर. डिले आणि पेटीला प्रत्येकी वेगळा, नाहीतर डिजिटलची शिट्टी ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते. तिन्ही ॲडॉप्टरवर मार्करने ‘९, मध्ये ऋण’ लिहिलंय. राउटरचा ॲडॉप्टर माळ्यावर.

एकूण गेले नऊ हजार शंभर, रेग्युलेटर धरून.

राहिलेलं: स्विच तिसऱ्या खटक्यावर करकरतो, कॉन्टॅक्ट क्लीनर आणायचा. पाऊस ओसरला की फिलर गेज परत मागून नेक तपासायची. आणि पाचवी तार चाचा म्हणाले तशी अजून बसलेली नाही. दिवाळीत मिरजेला जाताना गिटार सोबत.